समीकरण सोडवायला मुलाला काय शिकवायचं: उलटं चालणं, पक्षांतर की दोन्ही बाजू?

दिवाळीची सुट्टी संपली की इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, जिथे मी मुलांना गणित शिकवते, दरवर्षी एक प्रश्न येतो. विचारणारे आईवडील असतात, मुलं नव्हे. “ताई, शाळेत सर म्हणतात इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत तराजू दाखवतात. आणि आमचे बाबा म्हणतात, कशाला एवढं, उत्तरापासून उलटं मोजत या. पोरगा पार गोंधळलाय. एक काय ते सांगा.”

एक सांगता येतं, पण आधी मुलाची इयत्ता कोणती आणि परीक्षा किती दिवसांवर आहे, ते कळायला हवं. तिन्ही रस्त्यांनी उत्तर तेच येतं. बरोबर सुटलेल्या गणितात तिन्ही पद्धती सारख्याच छान दिसतात, त्यामुळे तिथे बघून काही ठरत नाही. मी बघते ते एवढंच, की पोर चुकलं तर त्याची चूक त्याची त्याला सापडते का? खालची तुलना त्याच अंगानं आहे.

लिहिण्याबद्दल एक. शाळेत ‘एक्स’ म्हणतात, मी इथे आमच्या वेळचा क्ष लिहिते आहे. आपल्याकडे इंदूरला आणखी एक पेच असतो. हिंदी माध्यमाच्या शाळेत ‘चर का मान ज्ञात करो, समीकरण हल करो’ चालतं, आणि घरी आजी महाराष्ट्रातल्या पुस्तकातली ‘चल, किंमत, उकल’ घेऊन बसते. दोन्ही एकच. पण ‘चर’ आणि ‘चल’ वेगळे असतात असं समजून बसलेला सहावीतला मुलगा मी पाहिला आहे, म्हणून पहिल्या दिवशी हे सांगून टाकावं.

उलटं चालणं

तीन प्लेट पोहे आणि वीस रुपयांची जलेबी, मिळून पंच्याण्णव झाले. पोह्याची प्लेट केवढ्याला? हे विचारलं तर चौथीतलं पोरही पंच्याण्णवातून वीस काढतं, उरलेल्या पंच्याहत्तरचे तीन भाग करतं आणि पंचवीस म्हणून मोकळं होतं. त्याला कोणी ३क्ष + २० = ९५ शिकवलेलं नसतं. शेवटी जे झालं ते आधी उलटवायचं, मिळवलं असेल तर वजा, गुणलं असेल तर भाग. ही रीत जुनी आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात, गणितपादात, हाच नियम सांगितलाय: उलट जाताना गुणक भाजक होतो, भाजक गुणक, मिळवलेलं वजा होतं आणि वजा केलेलं मिळवलं जातं. तेव्हा बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका.

चूक सापडते का? बहुतेक वेळा हो, कारण मुलाला गोष्ट माहीत असते. प्लेट दीडशे रुपयांची आली तर तो स्वतःच हसतो.

पण ही पद्धत दोन ठिकाणी अडते आणि दोन्ही ठिकाणं सातवीतच भेटतात. पहिलं, क्ष दोन्हीकडे असला की. ५क्ष − ८ = २क्ष + १३ मध्ये उलटं निघायचं कुठून? शेवटचा आकडा एकटा कुठल्याच टोकाला नाही. दुसरं जास्त फसवं आहे: ७ − २क्ष = १५. मुलगा म्हणतो, सात होते, वजाबाकी झाली, मग उलट म्हणजे मिळवा. १५ + ७ = २२, भागिले दोन, अकरा. ताळा करायला लावला तर ७ − २२, म्हणजे उणे १५ येतं, आणि तो म्हणतो, “बरोबर आहे काकू, फक्त मायनस आलं.” इथे सातातून काहीतरी गेलंय, सात गेलेले नाहीत, हा फरक उलट चालताना दिसत नाही. गेलं ते ७ − १५ म्हणजे उणे ८, म्हणून क्ष उणे ४. मोठ्यांनाही हे बोटं मोडत करावं लागतं.

पक्षांतर

पक्षांतर, म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूचं पद दुसऱ्या बाजूला नेणं. ते केलं की चिन्ह बदलतं. निवडणुका पाहिलेल्या माणसाला हा नियम वेगळा समजवावा लागत नाही. शाळेतली, ट्यूशनमधली, सगळीकडची चालू पद्धत हीच, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी स्वतः सोडवते तेव्हा हेच करते. ५क्ष − ८ = २क्ष + १३ दिसलं की पुढची ओळ ५क्ष − २क्ष = १३ + ८, मग ३क्ष = २१, क्ष = ७. चार ओळींत काम संपलं. आठवीच्या परीक्षेत, पुढे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या सूत्रांत, हाच वेग लागतो.

आता चुकल्यावर काय होतं ते बघा. मागच्या वर्षीची गोष्ट. सातवीतली एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, समासाची रेघ लाल पेनानं आखलेली. वहीत ४क्ष = २०. चारच्या डोक्यावरून निघून बरोबरच्या चिन्हावरून उडी मारणारा बाण, आणि खाली क्ष = २० − ४ = १६.

“हे चार कुठे गेले?”

“उधर गए. म्हणजे तिकडे गेले, काकू.”

“मग वजा का झाले?”

“तिकडे गेलं की मायनस होतं ना!”

मी म्हटलं, सोळा ठेवून बघ. चार सोळे चौसष्ट. तिनं बराच वेळ चौसष्टाकडे पाहिलं, खोडरबर घेतलं, सोळा खोडलं नाही, त्याच्या मागे फक्त एक मायनस लावलं. उणे सोळा.

तो मायनस मला अजून आठवतो. चूक झाली हे तिला कळलं होतं, पण दुरुस्तीसाठी तिच्या हातात एकच किल्ली होती, चिन्ह बदलणं. तिनं ती फिरवली. नियमात ‘का’ नसला की चुकल्यावर परत जायला जागाच राहत नाही. ४क्ष मधला ४ गुणक आहे. तो पक्ष बदलतो तेव्हा त्याचं चिन्ह बदलत नाही, हुद्दा बदलतो, गुणणारा होता तो भागणारा होतो. हे वेगळं कलम कोणी सांगितलं असेल तर पाठ, नसेल तर नाही. −३क्ष = १२ आलं की पुन्हा पंचाईत: मायनसही बदलायचा का? नाही, १२ भागिले उणे ३, उणे ४. म्हणजे आणखी एक अपवाद पाठ करा.

दोन्ही बाजूंना सारखंच

डावीकडे जे कराल ते उजवीकडेही करा, मग दोन्ही बाजू सारख्याच राहतात. पुस्तकात याच्यासोबत तराजूचं चित्र असतं. माझं मत विचाराल तर ते चित्र आता थकलंय. भाजीच्या ठेल्यावरसुद्धा आकडे दाखवणारा वजनकाटा आलाय. पारडं, पासंग हे शब्द आजच्या मुलांनी म्हणींतच ऐकले तर ऐकले. एक पारडं वर गेलेलं ज्यानं डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला ‘तराजूसारखं समज’ म्हणणं म्हणजे एका न समजलेल्या गोष्टीनं दुसरी समजवणं. शिवाय उणे आठ किलो बटाटे पारड्यात कसे ठेवणार?

मी दोन भावंडांचा हिशेब देते. दोघांकडे नेमके सारखे पैसे आहेत. दोघांनी वीस-वीस खर्च केले, तरी सारखेच. दोघांना आजीनं तीस-तीस दिले, तरी सारखेच. दोघांच्या डोक्यावर आठ-आठ रुपयांची उधारी होती आणि मामानं दोघांची फेडली, तरीही सारखेच. उणे संख्येची अडचण इथे आपोआप मिटते.

५क्ष − ८ = २क्ष + १३
दोन्हीकडून २क्ष काढले: ३क्ष − ८ = १३
दोन्हीकडे ८ मिळवले: ३क्ष = २१
दोन्हींना ३ ने भागलं: क्ष = ७

ताळा: डावीकडे ३५ − ८ = २७, उजवीकडे १४ + १३ = २७.

शेजारी शब्दांत लिहिलेलं ते ‘काय केलं’ हाच या पद्धतीचा जीव आहे. ४क्ष = २० असताना ती मुलगी ‘दोन्हीकडून ४ काढले’ असं लिहू गेली असती, तर डावीकडे ४क्ष − ४ उरलं असतं आणि क्ष मोकळा झालाच नाही हे तिला दिसलं असतं. ७ − २क्ष = १५ मध्येही तसंच. दोन्हीकडून ७ काढले, −२क्ष = ८. दोन्हींना −२ ने भागलं, क्ष = −४. अपवादाचं कलम लागत नाही.

आणि पक्षांतर याच्यापासून वेगळं नाहीच. अल्-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकात बगदादमध्ये ज्याला अल्-जब्र म्हटलं, ज्यावरून आपण शाळेत अल्जेब्रा म्हणतो, ते वजा झालेलं पद दोन्हीकडे मिळवून भरून काढणं होतं. ‘−८ तिकडे गेला आणि +८ झाला’ ही त्याचीच बोली. मधली एक ओळ लिहायची राहिली, एवढंच.

तोटे आहेत. ओळी जास्त, हात दुखतो, हुशार मुलं कंटाळतात. आणि अपूर्णांक आले की ‘दोन्ही बाजूंना’ या शब्दांचा अर्थ मुलं अर्धाच घेतात. आठवीचं नेहमीचं:

(क्ष + १)/२ + (क्ष − १)/३ = ६

६ ने गुणायचं. डावीकडे ३(क्ष + १) + २(क्ष − १) होतं, आणि उजवीकडचा ६ तसाच राहून जातो, कारण तो आधीच सहा आहे! मग ५क्ष + १ = ६, क्ष = १. व्हायला हवं होतं ५क्ष + १ = ३६, म्हणजे क्ष = ७. ही चूक कुठल्याही पद्धतीत होते. फक्त इथे ‘उजवीकडे काय केलंस?’ एवढं विचारलं की मूल स्वतः कपाळावर हात मारतं.

याच प्रकरणात शाळेत वज्रगुणन, म्हणजे तिरका गुणाकार, येतो. दोन्हीकडे एकेकच अपूर्णांक असेल तर जरूर वापरा: (क्ष + २)/३ = (क्ष + ८)/५ मधून सरळ ५क्ष + १० = ३क्ष + २४, क्ष = ७. पण वरच्यासारखी बेरीज असताना मुलं बेरजेच्या दोन अपूर्णांकांतच तिरकं गुणून टाकतात.

अंदाजानं किमती ठेवून बघणं सहावीत आठवडाभर ठीक. उत्तर ७/४ असलं की संपलं. आणि ज्याला हे सगळंच सोपं जातं त्याला ब्रह्मगुप्ताचा इ. स. ६२८ चा नियम दाखवा. दोन्हीकडच्या सुट्या संख्यांची वजाबाकी, तिला क्षच्या गुणकांच्या उलट क्रमानं केलेल्या वजाबाकीनं भागा. ५क्ष − ८ = २क्ष + १३ मध्ये १३ − (−८), म्हणजे (१३ + ८), भागिले (५ − २). एका ओळीत सात. हा नियम का चालतो हे त्यालाच शोधू द्या, दोन दिवस घर शांत राहील.

मग कोणाला काय?

सहावीत असेल तर उलटं चालणंच, भरपूर, तोंडी, भाजी-रिक्षा-पोह्याच्या हिशेबांवर. समीकरण लिहायची घाई नको.

सातवीत असेल तर दोन्ही बाजू. महिनाभर तरी शेजारी शब्द लिहायला लावा. शाळेतले सर पक्षांतर शिकवत असले तरी भांडायला जाऊ नका. एका शाळेत ‘जास्तीच्या ओळी’ म्हणून अर्धा गुण कापलेला मी पाहिलाय, तेव्हा शाळेच्या वहीत शाळेसारखं आणि घरच्या वहीत घरच्यासारखं असू द्या. पक्षांतराची परवानगी केव्हा द्यायची याची माझी खूण अशी: ‘आठ कुठे गेला?’ विचारल्यावर मूल ‘तिकडे’ म्हणालं तर अजून थांबा. ‘दोन्हीकडे मिळवला, इकडे शून्य झाला म्हणून लिहिला नाही’ असं म्हणालं तर त्या दिवसापासून खुशाल बाण काढू दे.

आठवीत असेल आणि परीक्षा तीन आठवड्यांवर, तर पद्धत बदलू नका. या वेळी नवं तत्त्वज्ञान शिकवलं तर जुनंही जातं. पक्षांतरच चालू ठेवा, फक्त गुणकासाठी ‘तिकडे गेला’ हे शब्द बंद करा, ‘भागलं’ म्हणायला लावा. आणि प्रत्येक गणिताखाली ताळ्याची एक ओळ. बाकीचं उन्हाळ्यात.

नक्की ठरत नसेल तर आज रात्री जेवणानंतर चार गणितं द्या: ४क्ष = २०, ७ − २क्ष = १५, ५क्ष − ८ = २क्ष + १३ आणि ४क्ष + १ = ८. जवळ बसा, मदत करू नका. पहिल्यात सोळा आलं तर पक्षांतर पाठ झालंय, समजलेलं नाही. दुसऱ्यात अकरा आलं तर मूल अजून उलटंच चालतंय. तिसऱ्यावर पेन्सिल थांबली तर क्ष दोन्हीकडे पहिल्यांदाच पाहतंय. चौथ्यात पावणेदोन येतं, आणि बरोबर सोडवलेलं मूलही ‘असं उत्तर नसतं’ म्हणून ते खोडायला घेतं. तेवढा हात धरा आणि म्हणा, ठेवून बघ: चार गुणिले पावणेदोन सात, अधिक एक, आठ.