दोन स्क्रू नसलेली गिटार

रात्री साडेआठला, स्वारगेटच्या बाहेर रस्त्याच्या पिवळ्या दिव्याखाली मी गिटार विकत घेतली. नऊची सांगली गाडी पकडायची होती. विकणाऱ्याला हे माहीत होतं, कारण वेळ मीच त्याला कळवली होती.

माझी नोकरी फिरतीची. महिन्यातले बारा-तेरा दिवस सांगली, मिरज, विटा असं लॉजवर जातात. संध्याकाळी सहानंतर करायला काही नसतं. घरची मोठी गिटार एसटीत न्यायची तर तिचा गळा शेजारच्याच्या मांडीवर येतो आणि आपण अख्खा प्रवास ‘सॉरी’ म्हणत बसतो. म्हणून छोटी गिटार शोधत होतो. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत ‘बेबी टेलर’ दिसली. अमेरिकन कंपनीची, वरची फळी अख्ख्या स्प्रूस लाकडाची. नवी माझ्या आवाक्याबाहेरची. हा गडी चौदा हजार म्हणत होता, साडेअकराला तयार झाला. शिवाय कापो (गळ्यावर लावून सूर चढवायचा चिमटा), तारा सुरात लावायचा क्लिपचा ट्यूनर आणि हेडफोन लावायचा, आवाज वाढवणारा खिशातला अँप फुकट. कारण विचारलं तर म्हणे कॅनडाला चाललोय. सगळेच कॅनडाला चाललेले असतात.

पिशवी उघडल्या उघडल्या माझं अर्धं काम झालं होतं. पिशवी अस्सल होती. शिवण, चेन, भरतकामातलं नाव, सगळं जिथल्या तिथे. पिशवी खरी म्हटल्यावर आतला मालही खराच असणार, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, आत लेबलही दिसलं. त्याने मांडीवर घेऊन जी, सी, डी हे कॉर्ड वाजवून दाखवले. गोड वाजली, तारा बोटाखाली लोण्यासारख्या. मग गळ्यावरून हात फिरवत म्हणाला, “बघा दादा, कुठे एक स्क्रू दिसतोय? एकसंध पीस आहे.” मी खूश. गूगल पे करतो म्हटलं तर, “दादा, खातं बंद करतोय, कॅशच द्या ना.” समोरच्या एटीएममधून पैसे काढून दिले.

लॉजवर दुसऱ्या दिवशी फोनमधल्या ट्यूनरवर सहावी तार तपासली. ई ऐवजी डी. सहाच्या सहा तारा एकेक स्वर उतरवलेल्या. तारा उतरवल्या की ताण कमी होतो, बोटाला गिटार मऊ लागते आणि ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या घोडीवर, ओढही कमी पडते. फुकटातल्या ट्यूनरमध्ये सेल का नव्हता, तेही तेव्हाच उमगलं. मी तारा नीट सुरात चढवल्या. तिसऱ्या दिवशी ब्रिज उचकटू लागला; त्याच्या मागच्या कडेखाली माझं व्हिजिटिंग कार्ड अर्धं आत गेलं.

काम मिरजेत होतं, तसाच सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. गिटार हे त्यांचं काम नव्हे, पण लाकूड आहे. एका दुकानात वयस्कर कारागीर भोपळ्याला कानस मारत होते. त्यांनी हात झटकले, गिटार घेतली आणि वाजवली नाहीच. भोकाच्या कडेवरून नख फिरवलं.

“हे बघा. अख्खी फळी असती तर वरची रेघ कडेवरून तशीच खाली उतरली असती. इथं तीन पदर दिसतायत. प्लाय आहे.”

मोबाईलच्या उजेडात पाहिलं. वर पातळ पांढरा पापुद्रा, मधे आडवा तपकिरी, खाली पुन्हा पांढरा.

“घोडी फेविक्विकनं बसवलीय,” ते म्हणाले. “आता सरस धरायचा तर आधी हे सगळं खरवडायला पाहिजे.”

मग खुंट्यांजवळचं काळं झाकण बोटाने ठोकलं आणि विचारलं, हे कशाला? मी शहाणपणा केला: चाचा, ह्याच्या आत ट्रस रॉड असतो, लोखंडी सळई, गळा वाकला तर तिने सरळ करतात. त्यांनी बारका पेचकस दिला. दोन इवलेसे स्क्रू काढले, झाकण उचललं. आत काही नव्हतं. खाच नाही, सळई नाही, सपाट लाकूड. नुसत्या लाकडावर झाकण बसवलेलं.

“किती दिले?” असं विचारून तेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, नका सांगू.” पैसेही घेतले नाहीत.

रात्री कंपनीने टाकलेले फोटो मोठे करून पाहिले. खऱ्या बेबी टेलरचा गळा अंगाला स्क्रूनेच जोडलेला असतो आणि फिंगरबोर्डच्या (गळ्यावरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या) अंगाकडच्या टोकाला दोन स्क्रूंची डोकी राजरोस दिसतात. म्हणजे एकही स्क्रू दिसत नाही, हाच नकलीचा पुरावा होता आणि तो मला गुण म्हणून विकला गेला. मापही चुकत होतं. खरीची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, पावणेतेवीस इंच; त्याच्या निम्मं, नटपासून (खुंट्यांकडच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत (गळ्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत) साधारण २८.९ सेंटीमीटर. माझी भरली २७. शिंप्याची टेप खिशात असती तरी साडेअकरा हजार वाचले असते. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा स्वर आणि तिथेच हलका स्पर्श करून निघणारा हार्मोनिक एकच असायला हवा. माझ्या गिटारवर ते दोन्ही स्वर एकमेकांशी भांडत होते. विकणाऱ्याने पहिल्या तीन फ्रेटच्या पुढे हात का नेला नाही, ते कळलं.

अँपची गोष्ट थोडक्यात: बॅटरी फुगली होती, दहा मिनिटांत बंद. चार्जिंगला लावायची हिंमत झाली नाही.

पैसे ऑनलाइन दिले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करता आला असता, निदान कुणाच्या खात्यात गेले याचा माग राहिला असता. रोखीला माग नाही. चौकीवर “पावती?” एवढंच विचारलं. त्या माणसाचा नंबर तोवर बंद.

आता माझ्याकडे यामाहाचं गिटारलेले (युकुलेलेसारखी छोटी सहा तारांची गिटार) आहे, नवं, दुकानातलं, बिलासकट. स्केल ४३३ मिलिमीटर, नायलॉनच्या तारा, एसटीच्या फळीवर आडवं मावतं. त्याच्या तारा ई ते ई ऐवजी ए ते ए लावतात, म्हणजे पाचव्या फ्रेटवर कापो लावल्यासारखं. बोटांच्या जागा त्याच, आवाज चढा. मोठ्या गिटारची खोली त्याला नाही, पण लॉजच्या भिंती पातळ असतात, तेव्हा बरंच आहे.

मागच्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, किंमत तेरा हजार, फोटो तेच, मागची चॉकलेटी फरशीही तीच. या वेळी फोटो मोठा केला. फोटोतल्या गिटारवर दोन्ही स्क्रू स्वच्छ दिसत होते. मेसेज टाकला की गळ्याच्या टोकाचा आजचा फोटो पाठवा, शेजारी आजचा पेपर ठेवून. दोन निळ्या टिका आल्या आणि पाठोपाठ त्याचा डीपी गायब झाला.