अँबेसेडरसाठी घेतलेला एसएस नट-बोल्ट किट: एक पावसाळा काढल्यानंतर

सुरुवातीलाच सांगतो, किटमधल्या बोल्टांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्प्रिंग वायसरबद्दल, आणि ती मी सविस्तर करणार आहे.

गाडी मार्क ३, १९७७ची, पेट्रोल, रंग पांढरा. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारा वारा. डेंटिंग-पेंटिंगवर एवढा खर्च केल्यावर त्यावर जुने गंजके बोल्ट मारायचे नाहीत हे ठरलेलं होतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 'फुल बॉडी किट, ३०४ स्टेनलेस, युएनएफ' असं दिसलं (युएनएफ म्हणजे बारीक इंची आटे). चार हजार सहाशे रुपये, कुरिअर वेगळं. नट-बोल्टला! घरात हा आकडा अजून कोणाला माहीत नाही.

एवढे मोजायचं कारण म्हणजे आटे. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली गाडी असल्याने अँबेसेडरला सगळं इंची माप. अडीच सुती बोल्ट, म्हणजे ५/१६ इंच, व्हर्नियरवर ७.९४ मिमी भरतो. डोळ्यांना तो आठचाच. पण त्याचे आटे इंचाला २४, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारण १.०६ मिमी, आणि आठ एमएमचा नेहमीचा पिच १.२५. एक-दोन आटे गोडीत जातात, मग अडतं, मग मेकॅनिक म्हणतो 'जरा टाइट आहे' आणि पान्याला पाइप लावतो. माझ्या मडगार्डच्या बऱ्याच केज नटांचं (पत्र्यात पिंजऱ्यासारख्या क्लिपमध्ये बसवलेले नट) आधीच्या मालकांच्या काळात हेच झालेलं. काही ठिकाणी तर सरळ आठ एमएमचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून मोकळे झाले होते. (अँबेसेडर बाजारात नवी होती तेव्हाच, १९५८ साली, देशात मेट्रिक मापं लागू व्हायला लागली. गाडीपर्यंत ती बातमी पोचली नाही.)

तर किट. पुड्या व्यवस्थित, प्रत्येकीवर साइजची चिठ्ठी, आटे स्वच्छ. जिथे मूळचे आटे शाबूत होते तिथे बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला, पाना फक्त आवळायला. डोकी अर्धा इंची पान्याची, म्हणजे १२.७ मिमी. तेराचा पाना चालतो असं सांगणारे भेटतील, त्यांना गाडीला हात लावू देऊ नका, कोपरे गोल होतात. बॉनेटच्या बिजागऱ्या, मडगार्ड, बंपरचे ब्रॅकेट, सगळं चकचकीत. मे महिन्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते.

जुलैत बॉनेट उघडलं. प्रत्येक बोल्टाचं डोकं तसंच चमकतंय आणि त्याच्या खाली तांबडी चंद्रकोर. बोल्टाखालचा स्प्रिंग वायसर गंजलाय, पाणी त्यावरून ओघळलंय आणि मडगार्डच्या पन्हाळीत नव्या पांढऱ्या रंगावर चहा सांडल्यासारखे डाग. पॉलिशने ओरखडून थोडे फिके झाले, गेले नाहीत. किट स्टेनलेसचा, वायसर मात्र साधे लोखंडी, वर झिंकचा हात फिरवलेले. हजारोंच्या किटमध्ये वाचवले किती, तर वायसरमागे काही पैसे!

विक्रेत्याला फोन लावला. पहिल्या फोनला 'सर, समुद्राजवळ सगळंच गंजतं'. म्हटलं, मग बोल्ट का नाही गंजला? फोन दुसऱ्याकडे गेला. दुसरा म्हणाला, 'मॅग्नेट लावून बघितलंत का? एसएसला पण थोडा मॅग्नेट लागतो सर.' हे खरं आहे, ३०४ थंड घडवलं की थोडंफार चिकटतं, त्यामुळे नुसत्या मॅग्नेटवरून निकाल देऊ नये. पण मी मॅग्नेटबद्दल बोलतच नव्हतो, गंजाबद्दल बोलत होतो. शेवटी तिसरा आला आणि खरं बोलला: 'सर, किट बोल्टचा आहे. वायसर कॉम्प्लिमेंटरी असतात.' कॉम्प्लिमेंटरी! लग्नात आहेर घेत नाही म्हणून सांगतात तसं मीही सांगितलं असतं, नको तुमचे वायसर.

आणि यातली चीड आणणारी बाब म्हणजे हा वायसर तसा फारसं कामही करत नाही. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९मध्ये आडव्या हादऱ्यांखाली बोल्ट कसे ढिले होतात ते मशीनवर दाखवलं, आणि तसल्या चाचणीत स्प्रिंग वायसर काही दिवे लावत नाही. बोल्ट नीट आवळला की तो सपाट होऊन बसतो, पुढे नुसता बसून असतो. म्हणजे ज्याने माझा रंग घालवला तो तिथे नसता तरी चाललं असतं. पण मूळ गाडीत होते, म्हणून आपणही घालतो.

बोल्टांबद्दलचं मत इथून जरा बदललं. वायसर बदलायला बोल्ट काढायला घेतले तर मडगार्डच्या खालच्या बाजूचे नायलॉकवाले (आत नायलॉनची कडी असलेल्या नटाचे) दोन बोल्ट निम्म्यावर येऊन जाम. ना पुढे, ना मागे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना चावतात आणि वेल्ड झाल्यासारखे धरतात. ग्राइंडरने कापले, ठिणग्या परत रंगावर. हे स्टेनलेस वापरणाऱ्या कोणालाही माहीत असतं, पण 'बसवायच्या सूचना' म्हणून किटमध्ये आलेल्या कागदावर फक्त धन्यवाद आणि रेटिंग देण्याची विनंती होती. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नसेल तर निदान ग्रीस, आणि नायलॉक हळू फिरवा, इम्पॅक्ट गन अजिबात नको.

दुसरं, किटचा फोटो बघून काही जण हेच बोल्ट सस्पेन्शनला लावतील अशी भीती वाटते. नका लावू. स्टेनलेस बोल्टांचा नेहमीचा दर्जा ए२-७०: तुटायला ७०० मेगापास्कल, पण कायमचा ताणला जायला ४५० पुरे. ८.८ दर्जाच्या साध्या काळ्या एचटी (हाय टेन्साइल, जास्त ताण सोसणाऱ्या) बोल्टाला हेच आकडे ८०० आणि ६४०. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट इथे चमक कामाची नाही.

हे एचटीचे इंची बोल्ट शोधायला मुंबईला गेलो तेव्हा नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारली. माझी समजूत होती की युएनएफ आता फक्त ऑनलाइनच मिळतं. पहिल्या काही दुकानांत 'इंची बंद हो गया' हेच ऐकलं. मग एका बोळात एक बोहरी चाचा भेटले. मी नेलेला जुना बोल्ट घेतला, ड्रॉवरमधून एक काढला, दोघांचे आटे एकमेकांत बसवले आणि दाराकडे उजेडात धरले. मधून उजेड दिसला. तो ठेवून दुसरा काढला, धरला, काळी अखंड रेघ. 'ये तुम्हारा.' डोक्यावर तीन रेघा, म्हणजे ग्रेड ५, आपल्या ८.८च्या जवळपास. पिच गेज माझ्या खिशातच होता, बाहेर काढायची लाज वाटली. माल वजनावर दिला. बिल ऐकून मी दोनदा विचारलं, चाचांना वाटलं मी घासाघीस करतोय, त्यांनी आणखी थोडे कमी केले. एसएसचे स्प्रिंग वायसरही तिथेच मिळाले, मूठभर.

आणि तरीही आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, आधी तुमचे जुनेच बोल्ट नीट बघा. माझ्या डब्यात उरलेले, आटे शाबूत असलेले सगळे मी वायर ब्रशने साफ करून कोल्हापूरला उद्यमनगरात पिवळ्या झिंक प्लेटिंगला दिले. प्लेटिंगवाला किलोवर घेतो, त्यामुळे मित्राच्या जीपचे बोल्टही त्यातच ढकलले. ते आता बंपरला आहेत आणि पाऊस काढूनही ठीक दिसतात. शिवाय मूळ गाडीच्या मापाचं डोकं, मूळ लांबी, शोधाशोध शून्य. फक्त कनेक्टिंग रॉडसारखे जास्त कडक पोलादाचे बोल्ट यात टाकू नका. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होऊन ऐनवेळी तुटतो. नीट भाजून हायड्रोजन काढणारा प्लेटिंगवाला असेल तर गोष्ट वेगळी, पण किलोवर घेणाऱ्याकडून ती अपेक्षा कशाला.

किट घ्यायचा का? शहरात राहत असाल, दुकानं पालथी घालायला वेळ नसेल, तर घ्या, वायसरची पुडी न उघडता टाकून द्या. मी तीन स्टार देतोय. वायसर स्टेनलेसचे असते तर चार दिले असते. पाचवा तसाही नाही, कारण डिस्ट्रिब्युटरचे बारीक बीए स्क्रू (जुन्या ब्रिटिश मापाचे) 'फुल' किटमध्ये नव्हतेच आणि ते नागदेवीलाही मिळाले नाहीत. इलेक्ट्रिशियन तिथे पाच एमएमचा स्क्रू रेटायच्या तयारीत होता, त्याला वेळेत थांबवलं. सध्या जुनाच स्क्रू आहे, डोक्याची खाच हॅकसॉने नव्याने पाडून घेतलेली.