भिंतीवरचे प्लॅस्टिकचे काटे: आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. काटे घेतल्याचा पस्तावा नाही. पण नुसते काटे चिकटवले की भिंतीवरून होणारी ये-जा बंद पडते असं कुणी सांगत असेल, तर ते खरं धरू नका. आमच्याकडची निम्मी ये-जा ज्या दिवशी थांबली, त्या दिवशी आम्ही फक्त विटांचा एक ढीग उचलला होता.

आमचं घर कोपऱ्यावर आहे. मागच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला जायचं तर बराच वळसा पडतो. एकदा मी पावलं मोजली: रस्त्याने ३६०, आमच्या बागेतून ५२. हा आकडा कळल्यावर लोकांवरचा राग जरा उतरला, कारण तिथे राहत असते तर मलाही मोह झाला असता. भिंत साडेचार फुटांची. चढायचं, आत उडी मारायची, बागेचा कोपरा तुडवत फाटकातून बाहेर. शाळकरी मुलं, सकाळी पळायला जाणारे, एक तर हातात हेल्मेट घेऊन. अबोलीच्या वाफ्यातून चक्क पायवाट पडली होती, तिथली माती इतकी घट्ट झाली की पाणीही मुरेना.

वाफ्यापेक्षा खरी काळजी भिंतीची होती. आमची भिंत साडेचार इंची, म्हणजे एका विटेच्या रुंदीएवढीच. रोज कुणी ना कुणी वर भार देऊन पलीकडे जातं, त्याने सगळ्यात वरचा थर सुटायला लागतो. गवंड्याने दोन विटा हाताने हलवून दाखवल्या. त्या फटींतून पावसाचं पाणी आत जातं आणि गिलावा फुगतो, ते वेगळंच. एखादं पोर लोंबकळलं आणि वीट त्याच्याच अंगावर आली तर, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. तेव्हा पहिली सूचना: काटे लावायच्या आधी वरचा थर पक्का करून घ्या. हलत्या विटेवर चिकटवलेला काटा त्या विटेसोबतच खाली येतो.

आता वस्तूबद्दल. या साधारण अर्ध्या मीटरच्या पट्ट्या असतात, त्यावर बोथट टोकांच्या निमुळत्या काट्यांच्या रांगा. हात ठेवला तर टोचतं, रक्त येत नाही. वजन टाकून बघितलं तर मात्र माणूस लगेच हात काढून घेतो (मी बघितलं). पट्टी खाचेवर मोडून हवी तेवढी छोटी करता येते. मातकट रंग घेतला, त्यामुळे लांबून दिसतही नाहीत.

बसवताना मी तीन चुका केल्या. पहिली, भिंतीचा माथा नुसता झाडून घेतला आणि सिलिकॉनने पट्ट्या चिकटवल्या. जुन्या चुन्याचे पापुद्रे निघाले आणि त्यांच्यासकट दहा दिवसांत चार पट्ट्या गल्लीत. मग तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, दोन दिवस वाळवून, बांधकामाचा चिकटपदार्थ वापरला आणि प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. दुसरी चूक, पट्ट्या एकमेकींना अगदी भिडवून लावल्या. प्लॅस्टिक उन्हात वाढतं. सकाळच्या गारव्यात बसवलेली अर्ध्या मीटरची पट्टी भर उन्हात दोन-अडीच मिलिमीटर लांबते, आणि तिला जागाच नसेल तर कमानीसारखी मधोमध उचलली जाते. सगळ्या काढून दोन पट्ट्यांमध्ये काडीपेटीतली काडी आडवी मावेल एवढी फट ठेवली, तेव्हा त्या सरळ बसल्या. तिसरी चूक म्हणजे फाटकाच्या खांबाशी वीतभर जागा मोकळी सोडली. ती जागा लोकांना माझ्याआधी सापडली.

पहिला आठवडा शांत गेला. मी घरात सगळ्यांना सांगत सुटले. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर एक दुमडलेलं पोतं दिसलं, काट्यांवर नीट अंथरलेलं. मी काढलं, दोन दिवसांनी जाड पुठ्ठा आला. म्हणजे अडचण काट्यांची नव्हतीच, ती एक पोत्याची बाब होती. तेव्हा मी पहिल्यांदा बाहेर जाऊन, गल्लीत उभं राहून आमच्या भिंतीकडे बघितलं. दुरुस्तीतून उरलेल्या विटा आम्हीच बाहेरच्या बाजूने भिंतीला टेकवून रचल्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच. आयती पायरी. आणि आतल्या बाजूला, बरोबर तिथेच, आमचा सिमेंटचा बाक. चढायला पायरी, उतरायला बाक. साडेचार फुटांची भिंत बाहेरून तीन फुटांची करून ठेवली होती आम्ही, आणि लोकांच्या नावाने खडे फोडत होतो.

विटा उचलल्या, बाक आठ फूट सरकवला. पोतं परत कधी दिसलं नाही. पायाला आधार नसेल तर दोन्ही हातांनी माथा पकडून अंग वर ओढावं लागतं, आणि ते करताना हात काट्यांवरच पडतात. पायरी असताना हाताची गरजच नव्हती. या वस्तूचं खरं काम तेव्हा सुरू झालं.

शेजारच्या काकांचा सल्ला वेगळा होता: "अहो, बाटल्या फोडून सिमेंटमध्ये रोवा, एक दिवसात बंद." काचेने हात फाटतो, आणि चढणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची मुलं होती. शिवाय आपल्या हद्दीत शिरला म्हणून त्याला जायबंदी करायची मोकळीक मिळत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एकाने आपल्या रिकाम्या घरात दार उघडताच सुटणारी बंदूक लावली होती, १९६७ मध्ये चोरीच्या इराद्याने शिरलेल्या माणसाचा पाय त्यात कायमचा अधू झाला, आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई घरमालकाकडूनच देववली. काच आणि बंदूक एक नव्हे, मान्य. पण काकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. आमचे काटे बोथट आहेत, तरी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला "माथ्यावर काटे आहेत" अशी पाटी लावली आहे. मोठ्या अक्षरांत.

न वाळणारा, चढणाऱ्याच्या अंगाला फासला जाणारा रंगही मिळतो. तो मी घेतला नाही. असा रंग साधारण दोन मीटरच्या वरच लावायचा असतो, आमच्या भिंतीवर तो गल्लीतून सरळ चालणाऱ्याच्या शर्टालाही लागला असता.

सोबत सौरदिवा घेतला, हालचाल टिपून लागणारा. पहिले दोन महिने मी त्याला शिव्या घातल्या, कारण माणूस आत उडी मारून चार पावलं चालला की मग तो लागायचा. दोष दिव्याचा नव्हता. त्यातला सेन्सर अंगाची उष्णता त्याच्या नजरेच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकली की ओळखतो, त्यामुळे समोरून आडवं जाणारं त्याला चटकन कळतं आणि सरळ त्याच्याकडे येणारं उशिरा. मी तो भिंतीसमोर, घराच्या बाजूला लावला होता. आता भिंतीच्या टोकाला, भिंतीला समांतर बघणारा लावला आहे आणि कुणी माथ्यावर दिसलं की लगेच लागतो. उकाड्याच्या रात्री मात्र तो आळशी होतो, हवाच अंगाइतकी तापली की फरक त्याला जाणवत नाही. मांजरांना तो बरोबर ओळखतो. रोज.

उडी जिथे पडायची तिथे करवंदाची रोपं लावली. करवंदाचे काटे दुबेळके आणि चांगलेच कडक असतात, छाटत राहिलं तर दाट कुंपण होतं. पण वाढ सावकाश. आठ महिन्यांत माझी रोपं जेमतेम गुडघ्यापर्यंत आली आहेत, एक मेलं. तोवर मध्ये बोगनवेलीच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या. बोगनवेल भराभर वाढते, फक्त छाटलेल्या फांद्या लगेच उचला, वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो.

काट्यांच्या तक्रारी थोडक्यात. पाचोळा त्यात अडकतो आणि पावसाळ्यात कुजून शेवाळ धरतो, दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवावा लागतो. दक्षिणेकडच्या, दिवसभर उन्हात राहणाऱ्या भागातल्या तीन पट्ट्यांचे काटे आता नखाने दाबले तरी तडकतात, सावलीतल्या जशाच्या तशा आहेत. घेताना ऊन सोसणारं प्लॅस्टिक आहे का ते विचारा, मी विचारलं नव्हतं. वेल बांधताना माझेच हात ओरखडले जातात. आणि संध्याकाळी भिंतीला रेलून गल्लीतल्या बायकांशी बोलायची माझी सवय गेली, त्याचं दुःख कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मांजरं मात्र काट्यांच्या रांगांमधून डौलात चालतात, तेव्हा मांजरांसाठी घेत असाल तर राहू द्या.

घ्यावेत का? भिंत चार-पाच फुटांची, माथा पक्का आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला काही नसेल तर घ्या. भिंत कमरेएवढीच असेल तर उपयोग नाही, लोक सरळ टांग टाकून जातील. वाट जुनी आणि फार लोकांची असेल तर आधी चौकशी करा, एखाद्या वेळी ती वहिवाटीची निघते आणि मग काटे लावणारेच अडचणीत.

मी डायरीत खुणा करत होते. पहिल्या महिन्यात, विटा असताना, माझ्या डोळ्यांदेखत ४१ जण गेले. गेल्या महिन्यात सात. त्या सातांतल्या सहा वेळा एकच उंच मुलगा. तो लांबून पळत येतो, एक हात पाटीच्या कडेवर टेकवतो आणि काट्यांना न शिवता पलीकडे. कुंडी चुकवून उतरतो, रोपांवर कधी पाय देत नाही. एकदा मी खिडकीतून ओरडले तर "सॉरी काकू" म्हणून पळाला. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. जाताना फाटकाची कडी तेवढी लावून जातो, बाकीचे कुणी लावत नव्हते.