अर्ज: घडलं तसं लिहावं की मागणी आधी?

औंढ्यापासून उदगीरपर्यंत अतिवृष्टीनंतर तहसीलकडे येणारे बरेच अर्ज पेरणीपासून सुरू होतात. बियाणं, दुबार पेरणी, उसनवारी, मग पाऊस. पंचनाम्याची मागणी पार शेवटच्या ओळीत. हकीकत खरी असते, पण गठ्ठा चाळणाऱ्याची नजर तिथवर पोचतच नाही.

दुसरी रीत म्हणजे मागणी आधी. विषयातच गाव, गट क्रमांक, पीक आणि 'पंचनामा करण्याबाबत'. पहिल्या परिच्छेदात काय हवं ते, दुसऱ्यात क्षेत्र, पावसाची तारीख, नुकसानीचा अंदाज. अंदाज गाळू नका! आपत्ती मदतीसाठी २०१५ पासून किमान ३३ टक्के नुकसानीची अट आहे. आधी ती ५० टक्के होती. एका परिच्छेदात एकच मुद्दा, वाक्यं छोटी, खाली सातबारा आणि फोटोंची यादी. कर्जाचं दुःख लिहायचंच तर शेवटी, दोन ओळींत.

नुकसानीच्या अर्जाला मला दुसरीच रीत पटते.

चोरीची फिर्याद मात्र पहिल्या रीतीनंच द्यावी: मोटारीला कुलूप कधी लावलं, परत कधी आलात, काय दिसलं. तपास करणाऱ्याला तिथं वेळेचा क्रमच लागतो.