किट लेन्सची ॲपर्चर फ्लेक्स: पट्टी ठीक, घडी तुमच्या हातात

कॅननच्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सवर ‘एरर ०१’ झळकला की पहिला उपाय खोडरबराचा. स्क्रीनवरही लेन्सचे पॉइंट, म्हणजे कॅमेऱ्याला टेकणारे मागचे धातूचे ठिपके, साफ करा असंच लिहून येतं. पुसून फरक पडला तर विषय संपला. पण फोटो कधी निघतो, कधी अडतो आणि झूम फिरवली की वागणं बदलतं, असं असेल तर पॉइंट घासत बसू नका, वरचा मुलामा तेवढा निघून जाईल. दोष बहुधा आतल्या फ्लेक्समध्ये असतो. ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या, मोटरपर्यंत वीज नेणारी ही पातळ पट्टी झूमच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. वर्षानुवर्षं तेच झाल्यावर तिच्यातली तांब्याची रेघ तडकते. हीच पट्टी ऑनलाइन सुटी मिळते, काहीशे रुपयांत. हे परीक्षण तिचं.

मागवण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. कॅमेरा एव्ही मोडवर (ज्यात ॲपर्चर आपण ठरवतो) ठेवा, झूम १८ वर, ॲपर्चर पूर्ण उघडं म्हणजे एफ/३.५. फोटो निघाला? आता एफ/८ करा. इथे एरर आला तर गाडी योग्य रस्त्यावर आहे, कारण पूर्ण उघड्या ॲपर्चरला पाती हलवावीच लागत नाहीत, एफ/८ ला हलवावी लागतात. मग एफ/८ वरच झूम २४, ३५, ५५ अशी सरकवत प्रत्येक ठिकाणी एक फोटो घ्या. एका जागी चालतं आणि दुसऱ्या जागी अडतं, तर पट्टीच तुटली आहे: ठरावीक वाकणीला रेघ उघडते, सरळ झाली की पुन्हा टेकते. सगळीकडे अडत असेल तर पट्टी पूर्ण गेलेली असू शकते किंवा मोटर. एफ/३.५ लाही एरर येत असेल तर ही पट्टी मागवून उपयोग नाही. आणि दुसरी एखादी लेन्स लावून बॉडी निर्दोष आहे ना, हे आधी पाहून घ्या. शेजाऱ्याकडची ५० एमएमही चालेल.

नागपूरकरांनी आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅग राहिली की लेन्समधलं ग्रीस पातळ होतं, त्याचं तेल सुटून पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. एरर तोच, पण पट्टी धडधाकट. समोरून टॉर्च मारून पाहा. पाती कोरडी, काळी, बिनचमकीची दिसली पाहिजेत. तेलकट चमक दिसली तर काम पाती धुण्याचं आहे, पट्टी बदलण्याचं नाही.

आता माल. तो दोन रूपांत येतो: नुसती पट्टी, नाहीतर मोटर आणि पात्यांसकट अख्खी ॲपर्चर असेंब्ली. असेंब्ली कितीतरी महाग, पण तिच्यात मोटरवर सोल्डर मारायची भानगड नसते. ज्याने आयुष्यात फक्त इस्त्रीची वायर जोडली आहे त्याने असेंब्लीच घ्यावी. नुसती पट्टी घ्यायची तर लेन्सची आवृत्ती नीट बघा. आयएस २००७ ची, आयएस टू २०११ ची, आयएस एसटीएम २०१३ ची. तिन्हींवर १८-५५ लिहिलेलं असलं तरी एसटीएमची रचनाच वेगळी आहे, तिची पट्टी जुन्या आयएसला लागत नाही. पाकीट आल्यावर जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी जुळवा: रेघांची संख्या, वळणांची जागा आणि सॉकेटमध्ये जाणाऱ्या टोकाची जाडी. ही जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. टोक जुन्यापेक्षा पातळ असेल तर सॉकेटचं कुलूप लागूनही पकड येत नाही आणि एरर जसाच्या तसा राहतो. अशा टोकाच्या मागच्या बाजूला कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर टेपचा) एक थर लावला की भागतं.

या स्वस्त पट्ट्यांची खरी उणीव तांब्यात आहे. सतत वाकणाऱ्या पट्टीला लाटून मऊ केलेलं तांबं लागतं. विजेच्या साहाय्याने साचवलेलं तांबं स्वस्त पडतं, पण वारंवार वाकवल्यावर लवकर तडकतं. पाकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं. बोटाने हलकं वाकवून सोडा: कागदासारखी मऊ पडली तर बरी, पत्र्यासारखी टणकन परत आली तर तिचं आयुष्य थोडं. ताडोबा-पेंचच्या जिप्सीत दिवसभर झूम फिरवणाऱ्याने अशी टणक पट्टी बसवू नये. वाढदिवसाचे चार फोटो काढणाऱ्या घराला ती पुरेल.

हत्यारं नागपुरात सीताबर्डीवरच्या मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत मिळतात, एक सोडून. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. दिसायला साध्या फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचं टोक त्यांत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि डोकं खाऊन टाकतं. जेआयएस ००० आणि ०० असे दोन स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन मागवा, याच खर्चात कंजुषी नको. बाकी लागेल ते असं: बारीक चिमटा, प्लॅस्टिकची पाचर, ०.५ मि.मी.ची ६३/३७ (कथील-शिशाच्या प्रमाणाची) सोल्डर तार, नो-क्लीन फ्लक्स (न पुसता चालणारा), सोल्डर विक (जुनं सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॅप्टॉन टेप आणि तापमान ठरवता येणारी इस्त्री. इस्त्री म्हणजे अर्थातच सोल्डरिंगची.

जागा आणि वेळ यांनाही महत्त्व आहे. कूलरच्या झोतात लेन्स उघडू नका. वाळ्याच्या ताट्यांतला भुसा, धूळ आणि ओल सगळं थेट काचेवर बसतं. उन्हाळ्यात पहाटे सहाला, खिडक्या बंद करून, पंख्याशिवाय तासभर बसणं जमतं. हवा कोरडी असते तेव्हा बैठकीआधी एखाद्या अर्थ केलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी असल्याने फ्लॅशच्या कपॅसिटरचा, म्हणजे सुमारे ३०० व्होल्टच्या झटक्याचा, धोका या कामात नाही. घरी करायला हे काम त्यामुळेच बरं. बॉडी उघडण्याचा मोह मात्र नको.

उघडणं मागून सुरू होतं. आधी पॉइंटच्या ठोकळ्याचे छोटे स्क्रू, मग माउंटचे, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणाऱ्या मागच्या कड्याचे. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की खालचं काहीतरी फुटतं, म्हणून कागदावर लेन्सचं चित्र काढून त्यावर दुहेरी टेप लावा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. माउंटखाली पातळ चकत्या सापडल्या तर त्यांची संख्या आणि जागा जशीच्या तशी ठेवा. इन्फिनिटी फोकस, म्हणजे अगदी दूरचं स्पष्ट येणं, त्यांच्यावर अवलंबून असतो. नंतर सर्किट बोर्ड दिसतो, त्यात अनेक पट्ट्या खोचलेल्या. उचलायच्या कुलपाला प्लॅस्टिकची पाचर लावा, चिमटा नको. कुलूप मोडलं तर नवीन मिळणं कठीण. पुढे झूमच्या रिंगला टेकणारा पितळी दातांचा ब्रश येतो. तो झूम कितीवर आहे हे कॅमेऱ्याला सांगतो. त्याचा एक दात जरी वाकला तरी दुरुस्तीनंतर नवाच घोळ सुरू होतो. रिंगा निघण्याआधी एकमेकींवर पेन्सिलने रेघ मारा आणि प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या. समोरच्या काचेचे स्क्रू सैल करू नका. ती किंचित तिरपी बसली तरी फोटोचा एक कोपरा कायमचा अस्पष्ट होतो.

ॲपर्चर हाती आलं की आधी मल्टिमीटर. मोटर दोन कॉइलची स्टेपर आहे. दोन्ही कॉइलचा रोध जवळपास सारखा आला पाहिजे. एक कॉइल उघडी (आतून तुटलेली) दाखवत असेल तर नवी पट्टी लावून काही होणार नाही, असेंब्ली घ्यावी लागेल. मोटर ठीक असेल तर पाती कॅप्टॉन टेपने झाका, म्हणजे फ्लक्सचा धूर आणि शिंतोडे तिथे पोचणार नाहीत. इस्त्री ३२० ते ३४० अंशांवर, एका टोकाला दोन सेकंदांहून जास्त नाही. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते, पण इस्त्री टेकवून ठेवली की पट्टीवरचा तांब्याचा ठिपका सुटून वर येतो आणि पट्टी वाया जाते. जुनं सोल्डर विकने उचला, नव्या ठिपक्यांवर आधी पातळ थर द्या, मग जोडा. मोटरच्या केसासारख्या तारांना इस्त्री लागू देऊ नका.

खरी कसोटी घडीची. कारखान्याची पट्टी ठरावीक वळणं घेऊन येते, ही बहुतेकदा सपाट येते. नखाने घडी दाबली की त्याच रेषेवर ती काही महिन्यांत तुटणार हे नक्की. सुमारे २ मि.मी. जाडीची गोल टूथपिक आत धरून तिच्याभोवती वळवा आणि जुन्या पट्टीच्या वळणांशी जुळवा. मग सगळं बंद करण्याआधी झूम हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवून पट्टी कुठे घासते, कुठे ताणली जाते ते पाहा. घासत असेल तर वळण हलवा, तिथे टेप मारून गप्प बसवू नका.

जोडणी झाल्यावर १८, ३५ आणि ५५ वर, एफ/८ आणि एफ/२२ ला, प्रत्येकी दहा फोटो घ्या. मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून एफ/३.५ ला एक फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता येतात का बघा. रात्री चंद्रावर इन्फिनिटी तपासा.

पैशांचं गणित असं: चालू सेकंडहँड १८-५५ स्वस्तात मिळते. असेंब्ली, हत्यारं आणि तुमची अर्धी रविवार सकाळ यांची बेरीज बऱ्याचदा तिच्याही वर जाते. हत्यारं आधीच घरात असतील तर नुसत्या पट्टीचा व्यवहार फायद्याचा, नाहीतर शिकण्याची हौस म्हणूनच करा. तोवर लेन्स निकामी झाली असं समजू नका, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून ती चालते. पट्टी मागवणार असाल तर एकदम दोन मागवा, पहिलीचा ठिपका बहुधा उचकटतोच.