दहा दिवसांचं मौन आणि नंतरचे आठ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना या ध्यानपद्धतीचं शिबिर केलं. परत आल्या आल्या लिहायला बसलो होतो, पण शिबिराचा उत्साह वेगळा आणि घरी रोज ध्यानाला बसणं वेगळं, म्हणून थांबलो. आता आठ महिने झालेत.

मी संगमनेरला एका पतसंस्थेत वसुली बघतो. रात्री झोपेत दात खायची सवय होती. दाढेचा टवका उडाला तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, दिलं आणि विचारलं, ताण कसला आहे? मला सांगता आलं नाही. तिथून शोध सुरू झाला.

दिनक्रम सगळ्यांना ठाऊक असतो: पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, सकाळी ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला चहा आणि फळं. फोन जमा, वही-पेन बंद. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. मौनाचा अर्थ मात्र तिथे गेल्यावरच कळला. त्याला आर्य मौन म्हणतात. बोलायचं नाही एवढंच नाही, खुणा नाहीत, नजरानजर नाही. जेवताना शेजारच्याला मान हलवून ‘घ्या’सुद्धा म्हणायचं नाही. अडचण असेल तर धम्मसेवकाला (शिबिरातल्या स्वयंसेवकाला) किंवा शिकवणाऱ्या आचार्यांना विचारता येतं.

मौनात लगेच शांत वाटेल असं समजून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात वसुलीचे फोन चालू होते. एका तरुण कर्जदाराला मी त्याच्या वडिलांदेखत जे बोललो होतो, ते शब्दन् शब्द परत आले. बाहेर पावसाची झड, आत हे.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावर लक्ष ठेवून श्वास आहे तसा बघायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी श्वासावर लक्ष असताना जाणवलं, दातावर दात घट्ट रोवलेले आहेत. समोर ना कर्जदार, ना फोन, ना साहेब. तरी जबडा आवळलेला. सैल सोडला. जरा वेळाने बघतो तर परत आवळलेला. वीस वर्षं मी हे कामाच्या माथी मारत आलो होतो. त्या दिवशी मला रडू आलं आणि हलकंही वाटलं. माझ्यासाठी सगळं शिबिर त्या दुपारी होतं.

चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायच्या, आणि अधिष्ठानाच्या, म्हणजे निश्चयाने स्थिर बसायच्या, तासाला हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघे खूप दुखतात. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांना खुर्ची मिळते, संकोच करू नका. रात्रीच्या प्रवचनांतून, ही साधना भारतात शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांची गोष्ट कळते. ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीने बेजार, म्हणून १९५५ मध्ये विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे त्या देशाचे महालेखापाल होते. दिवसभर हिशेब बघणारा माणूस हे शिकवत होता, याचा मला फार आधार वाटला.

दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा स्वतःचाच आवाज परका वाटला. परतताना घोटीहून राजूर-अकोले रस्त्याने आलो. कळसूबाई ढगात होती आणि खिडकीशी बसून मला कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही.

घरी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. दिवाळीपर्यंत दोन्ही वेळा जमलं. नंतर पाहुणे, लग्नं, मार्चअखेर. संध्याकाळचं बसणं मोडलं, सकाळचं टिकलंय. चार दिवस खाडा झाला की बायको ओळखते. म्हणते, “अहो, आज बसला नाहीत वाटतं.”

खरा उपयोग मार्चमध्ये दिसला. एका कांदा उत्पादकाचे तीन हप्ते थकले होते. फोन लावायच्या आधीच जबडा आवळला. आता तो मला कळतो. रिसीव्हर खाली ठेवला, पाच-सहा श्वास बघितले, मग लावला. ते म्हणाले, “साहेब, कांद्याला भाव नाही.” पूर्वी या वाक्यावर मी तुटून पडायचो. या वेळी गप्प राहिलो. बराच वेळ दोन्हीकडे शांतता. मग त्यांनीच तारीख सांगितली आणि एका हप्त्याची सोय केली. दर वेळी असं होत नाही. त्याच दुपारी दुसऱ्याने फोन कापला. पण त्या संध्याकाळी मी डोकं भणभणत घरी आलो नाही.

काय बदललं नाही, तेही लिहितो. नाइट गार्ड अजून लागतं. आठवड्यातून एखाददोनदा पहाटे ३ ला जाग येते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि ती बंद करायचा विचारही कुणी करू नये. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं खरं लिहा. दहा दिवस स्वतःसोबत बंद राहणं काहींना झेपत नाही. शरीर-मन सैल करायचा हा एकच रस्ताही नाही. माझी बहीण योगनिद्रेवर, म्हणजे पडून अंग सैल सोडायच्या पद्धतीवर, समाधानी आहे.

जूनमध्ये परत जायचं ठरवलंय. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, संध्याकाळी फक्त लिंबूपाणी असतं, म्हणून आत्तापासून रात्रीचं जेवण सातच्या आत घेतोय.