टोरांटो, वॉटरलू, मॅकगिल, यूबीसी की अल्बर्टा? माझं स्पष्ट मत

सप्टेंबर उजाडला की लोणेऱ्याच्या माझ्या कॉलेजातल्या ज्युनियर मुलामुलींचे कॅनडातल्या विद्यापीठांबद्दल मेसेज सुरू होतात. "ताई, टोरांटोला अप्लाय करू की वॉटरलूला?" "मॅकगिलचं नाव मोठं आहे ना?" "अल्बर्टा रँकिंगमध्ये खाली आहे, तरी घेऊ का?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मी केमिकल इंजिनिअर. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात थीसिस करून मास्टर्स केलं. नवऱ्याची पीएचडी टोरांटोची, धाकटा मावसभाऊ वॉटरलूला शिकला, आणि लोणेऱ्याची माझी रूममेट व्हँकुव्हरला यूबीसीत (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) होती. आमच्या लॅबमधला एक सीनियर पुढे मॅकगिलला गेला, त्याच्याकडे आम्ही बऱ्याचदा राहून आलोय. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते राहून, बघून आणि या माणसांना पिडून मिळवलेलं आहे.

विद्यापीठाचं नाव ठरवण्याआधी डिग्रीचं नाव बघा. टोरांटो, वॉटरलू आणि यूबीसीत इंजिनिअरिंगच्या दोन मास्टर्स डिग्र्या असतात. एक एमएएससी, म्हणजे थीसिसवाली. दुसरी एमईंग, म्हणजे कोर्स करा, फी भरा आणि बाहेर पडा. पहिलीत तुम्हाला गाइड असतो आणि बहुतेक वेळा दरमहा पैसे मिळतात. टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून खालच्या वर्गांची ट्युटोरियल्स घ्यायची, पेपर तपासायचे. आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून गाइडच्या प्रोजेक्टवर काम करायचं. त्यातून फी आणि भाडं बऱ्यापैकी सुटतं. दुसरीत सगळा खर्च घरचा. अल्बर्टात थीसिसवाली डिग्री एमएससी म्हणून मिळते, आणि मॅकगिलला मास्टर्स थीसिससह किंवा थीसिसशिवाय, दोन्ही तऱ्हेने करता येते. वॉटरलूला कॉम्प्युटर सायन्सवाल्याच्या हातात एममॅथ (मास्टर ऑफ मॅथेमॅटिक्स) पडते, कारण तिथे कॉम्प्युटर सायन्स गणित विभागाच्या छत्राखाली येतं. त्यामुळे ऑफर लेटरवर 'टोरांटो' दिसलं म्हणून पेढे वाटण्याआधी कुठली डिग्री आणि किती फंडिंग, या दोन ओळी शोधून वाचा. वडिलांनी जमीन गहाण टाकून कोर्सवाल्या मास्टर्सला पैसे भरले आणि त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर दुसरा मुलगा पगार घेऊन शिकत होता, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. फार वाईट वाटतं.

आता एकेक.

टोरांटोपासून सुरुवात करते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. १८२७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ खरोखर मोठं आहे. आपल्याकडे घराघरात ज्या इन्सुलिनचं इंजेक्शन फ्रिजमध्ये असतं, ते इथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅकलिऑडच्या लॅबमध्ये शोधलं. त्याचं पेटंट विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला दिलं गेलं, ही गोष्ट मी माझ्या डायबेटिस असलेल्या आत्याला सांगितली तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती. जेफ्री हिंटन इथलेच. २०१२ मध्ये त्यांच्या दोन विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या इमेज ओळखण्याच्या कामाने आजच्या एआयची दिशा बदलली आणि २०२४ मध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. मशीन लर्निंग, मेडिकल संशोधन, मटेरियल्स यात काम करायचं असेल तर टोरांटोला तोड नाही. डाउनटाउनच्या कॅम्पसला लागून मोठमोठी हॉस्पिटल्स आहेत, त्यामुळे बायोमेडिकलवाल्याला पेशंटचा डेटा आणि डॉक्टर दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

पीएचडीवाल्यांसाठी टोरांटोची एक गोष्ट मला मनापासून आवडते. २०१८ पासून बाहेरच्या देशातल्या बहुतेक पीएचडी विद्यार्थ्यांकडून कॅनडाच्या विद्यार्थ्यांइतकीच फी घेतली जाते. बॅचलर्सचं मात्र बरोबर उलटं. बारावीनंतर इथे येणाऱ्या परदेशी मुलाची वर्षाची फी कित्येक शाखांत साठ हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जाते, राहणं-खाणं वेगळं. घरात फार मोठी शिल्लक नसेल तर बॅचलर्ससाठी टोरांटोच्या मागे लागू नका. भारतातल्या चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंग करा आणि मास्टर्सला फंडिंग घेऊन या. हे मी कितीही आईवडिलांना सांगितलं तरी पटत नाही, तरी पुन्हा सांगते.

आणखी एक: टोरांटोचे तीन कॅम्पस आहेत. सेंट जॉर्ज म्हणजे डाउनटाउन, दुसरा मिसिसागाला आणि तिसरा स्कारबरोला. ऑफर कुठल्या कॅम्पसची आहे ते बघून मगच खोली शोधा. थीसिस करणाऱ्याचा गाइड मिसिसागाचा असला तरी बऱ्याचदा कोर्स डाउनटाउनला असतात, मग विद्यापीठाच्या शटल बसवर दिवस काढावे लागतात. मिसिसागात आपलं सामान सगळं मिळतं: ज्वारीचं पीठ, कोकम, गोडा मसाला. टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, गणपतीला चार ओळखी होतात. पण भाडी भयंकर. डाउनटाउनमध्ये एकट्याने फ्लॅट घेणं विद्यार्थ्याला परवडत नाही. तीन-चार जणांत घर नाहीतर उपनगरातलं बेसमेंट, हेच दोन पर्याय.

वॉटरलूबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "तिथे नोकरी फिक्स असते" असं ऐकलेलं असतं. वॉटरलूचं को-ऑप खरंच जबरदस्त आहे. चार महिने वर्ग, चार महिने कंपनीत पगारी काम, असं आलटून पालटून. बाहेर पडेपर्यंत मुलाच्या हाताशी दोन वर्षांच्या आसपास अनुभव असतो. मावसभाऊ एकीकडे परीक्षा देत होता आणि दुसरीकडे पुढच्या टर्मच्या इंटरव्ह्यूला शर्ट इस्त्री करत होता. पण हे मुख्यतः बॅचलर्सचं सूत्र आहे. मास्टर्सच्या काही मोजक्याच कोर्समध्ये को-ऑप असतं आणि तिथेही नोकरी तुमची तुम्हालाच मिळवावी लागते. विद्यापीठ फक्त दार उघडून देतं. थीसिससाठी जायचं तर क्वांटम कॉम्प्युटिंग, ऑप्टिक्स, क्रिप्टोग्राफी आणि शुद्ध गणित यासाठी जा. डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्या इथल्याच प्राध्यापक. स्टार्टअप काढायचं डोक्यात असलेल्यांनी हेही लक्षात घ्या की वॉटरलूच्या नियमानुसार तुम्ही लावलेल्या शोधाचा हक्क तुमच्याकडे राहतो, विद्यापीठाकडे जात नाही. गाव लहान आहे, संध्याकाळी फार काही नसतं. अभ्यासू माणसाला ते बरंच म्हणायचं.

मॅकगिल. शहर म्हणून माँट्रियल माझं सगळ्यात आवडतं. टोरांटो-व्हँकुव्हरपेक्षा भाडं कमी, मेट्रो चांगली, कॅम्पसच्या पाठीशीच माँ-रॉयालची टेकडी. रदरफर्ड १८९८ ते १९०७ इथे होते. किरणोत्सर्गावरच्या ज्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते बरंचसं इथलं. मेंदूवर काम करायचं असेल तर १९३४ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी उभी केलेली न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट पहिल्या पसंतीला ठेवा, दुसरा विचारच करू नका. शिकवतात इंग्रजीतून. पण वर्गाबाहेर क्युबेक प्रांत आहे आणि क्युबेकची भाषा फ्रेंच. दुकानात, भाडेकरारात, आणि शिक्षणानंतर तिथे नोकरी करून स्थायिक व्हायचं म्हटलं की पदोपदी फ्रेंच लागते. व्हिसाआधी क्युबेक सरकारचं सीएक्यू हे वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याचा वेळ धरून चला. शिवाय माँट्रियलमध्ये भाडेकरार बहुतांशी १ जुलैला बदलतात. ऑगस्टअखेर उतरलेल्या मुलाला उरलीसुरली घरं मिळतात, म्हणून सबलेट आधीच बघून ठेवा. फ्रेंच शिकायची तयारी असेल तर मॅकगिलला डोळे झाकून जा. नसेल तर दोन वर्षं छान जातील आणि पुन्हा बॅगा भरून टोरांटो-वॉटरलूच्या ऑन्टारियो प्रांतात यावं लागेल.

यूबीसीवर थोडक्यात लिहिते. समुद्रकाठचा कॅम्पस इतका देखणा आहे की पहिले काही महिने मुलं फोटोच पाठवतात. जनुकशास्त्र, वनशास्त्र, समुद्रविज्ञान आणि कणभौतिकी यासाठी उत्तम. मायकेल स्मिथ यांचं १९९३ चं केमिस्ट्रीचं नोबेल इथलं, आणि ट्रायम्फ या प्रयोगशाळेचा जगातला सर्वांत मोठा सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारं यंत्र) याच कॅम्पसवर आहे. थंडी सोसवते, पण नोव्हेंबर ते मार्च पाऊस पिच्छा सोडत नाही. आपल्या कोकणासारखा धो धो नसतो, नुसती भुरभुर आणि करडं आभाळ. रूममेटला त्याचा खूप त्रास झाला. ज्यांना मुळात उदास वाटण्याचा त्रास आहे त्यांनी हे गंभीरपणे घ्या. भाड्याच्या बाबतीत टोरांटोसारखंच. आणि केलोनाचा ओकानागन कॅम्पस व्हँकुव्हरपासून जवळपास चारशे किलोमीटर दूर आहे, ऑफर लेटर वाचताना तेही बघा.

आता माझं अल्बर्टा, ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

एडमंटनला हिवाळ्यात उणे तीस होतं. पार्किंगमध्ये गाड्या विजेच्या प्लगला लावून ठेवलेल्या असतात, इंजिन गोठू नये म्हणून. हे ऐकून लोक पुढचं ऐकतच नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कॅम्पसवर एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आतल्या आत जाणारे पेडवे आहेत, खाली एलआरटीचं, म्हणजे शहरातल्या रेल्वेचं, स्टेशन आहे. चांगलं जॅकेट आणि बूट घेतले की थंडीचा बाऊ उरत नाही. भाडं टोरांटोच्या मानाने खूपच कमी, आणि अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्सच नाही, त्यामुळे तेवढ्याच स्टायपेंडमध्ये मी महिन्याला पैसे शिल्लक टाकत होते. टोरांटोत नवरा तेव्हा महिनाअखेरीला हिशेब लावत बसायचा.

पण मुख्य गोष्ट काम. तेलयुक्त वाळूतून गरम पाण्याने तेल वेगळं करण्याची पद्धत १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी इथेच विकसित केली, आणि त्यानंतर उरणाऱ्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न आजही सुटलेला नाही. माझा थीसिस त्याच गाळावर होता. काचेच्या उभ्या सिलिंडरमध्ये करडा, दह्यासारखा घट्ट चिखल भरायचा, फ्लॉक्युलंट (बारीक कण एकमेकांना चिकटवणारं रसायन) घालायचं, हळू ढवळायचं आणि वरचं पाणी किती निवळलं ते दर थोड्या वेळाने मोजायचं. त्यात चिकणमातीचे इतके बारीक कण असतात की तसाच ठेवला तर तळ्यात तो कित्येक दशकं बसत नाही. गाइड दर आठवड्याला लॅबमध्ये येऊन त्या सिलिंडरजवळ उभे राहायचे आणि "हे असं का झालं असेल, तुला काय वाटतं?" असं विचारायचे. लोणेऱ्यात मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मोठ्या नावाच्या लॅबमध्ये तीस-तीस मुलं असतात आणि प्रोफेसरची भेट मुश्किलीने होते. आम्ही थोडे होतो, म्हणून शिकायला मिळालं. आणि एडमंटन फक्त तेलापुरतं नाही. रीइन्फोर्समेंट लर्निंगचे, म्हणजे मशीनला चुकत-सुधारत शिकवण्याच्या पद्धतीचे, रिचर्ड सटन इथे आहेत, त्यांना अँड्र्यू बार्टोंबरोबर कॉम्प्युटर सायन्सचा २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हिपॅटायटिस सीच्या शोधासाठी २०२० चं नोबेल मिळालेले मायकेल हॉटनही इथलेच. त्या विषयांत रँकिंगच्या यादीत अल्बर्टा कितव्या नंबरवर आहे याने काय फरक पडतो?

म्हणून माझा क्रम असा: आधी विषय, मग त्या विषयातले चार-पाच गाइड, मग विद्यापीठ. गाइडला मेल करताना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग" वगैरे लिहू नका. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा, त्यातला एक प्रश्न नेमका विचारा, तुमच्या बीटेक प्रोजेक्टची दोन वाक्यं लिहा, सीव्ही जोडा. सहा-सात ओळी पुरे. काही ठिकाणी, जसं टोरांटोच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये, प्रवेश समितीकडून होतात आणि अशा मेलचा उपयोग नसतो. ते विभागाच्या पानावर लिहिलेलं असतं.

पैशांचं आणि व्हिसाचं. १ सप्टेंबर २०२५ पासून क्युबेक सोडून बाकी कॅनडासाठी एकट्या विद्यार्थ्याला वर्षाच्या फीखेरीज २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. आपल्याकडे सगळे ज्यावर विसंबून असायचे तो झटपट व्हिसाचा एसडीएस (स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम) हा मार्ग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा वेळ जास्त ठेवा. मास्टर्सनंतरचं वर्क परमिट, कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी असला तरी, तीन वर्षांचं मिळू शकतं. शिकताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, त्यातून फी निघेल हे स्वप्न सोडून द्या.

आणि एजंट. माझ्या एका चुलतबहिणीला पुण्यातल्या एकाने सांगितलं की थीसिसवाल्या कोर्सला भारतीयांना घेतच नाहीत, आणि तिला एका खाजगी कॉलेजच्या डिप्लोमात ढकललं. तिथून त्याला कमिशन होतं हे नंतर कळलं. या विद्यापीठांचे फॉर्म तुमचे तुम्हाला भरता येतात. बहुतेक विभागांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि आपल्या विद्यापीठांकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला महिना सहज जातो, तर ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज या आठवड्यातच टाका. एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबतचा निबंध) लिहून झाला की पाठवा. केमिकल किंवा पेट्रोकेमिकलचा असेल तर मी नक्की वाचेन, बाकीच्यांचे नवऱ्याकडे देते.